वाटेत फुटलेला माल कुणाचा?

‘खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही.’ भारतातल्या अनेक ऑनलाइन विक्रेत्यांच्या अटींमध्ये हे वाक्य असतं आणि त्यावरून आपल्याकडे वाद झडत राहतो. ग्राहक विचारतात, फुटका माल पाठवणार तुम्ही आणि पुरावा जमवायचा आम्ही? विक्रेते विचारतात, नवी वस्तू ठेवून घेऊन घरातली मोडकी परत पाठवणाऱ्यांचं काय करायचं? तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘परदेशात ग्राहक राजा असतो.’ ब्रिटनमध्ये राहणारी व्यक्ती म्हणून हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. इथला ग्राहक राजा वगैरे नाही. फरक आहे तो एका जुन्या नियमाचा, आणि गंमत नव्हे, खंत अशी की तो नियम भारताने इथूनच उचललेला आहे.

भारताचा 1930चा माल विक्री कायदा इंग्लंडच्या 1893च्या कायद्यावर बेतलेला आहे. त्याचं कलम 39 सांगतं की माल वाहतूकदाराच्या हाती दिला की सकृद्दर्शनी तो खरेदीदारालाच पोचता झाला असं धरायचं. दोन व्यापाऱ्यांमध्ये हे चालून जातं. वाहतूकदार पारखणं, विमा उतरवणं दोघांनाही जमतं. घरी बसून मिक्सर मागवणाऱ्याला यातलं काहीच ठरवता येत नाही. खोक्यात फोम किती घालायचा हे विक्रेता ठरवतो, कुरिअर कोणतं हेही तोच ठरवतो. ब्रिटनने 2003 साली ग्राहकांपुरता हा नियम बाजूला केला. आज 2015च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम 29 स्पष्ट सांगतं: वस्तू ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. (ग्राहकाने विक्रेत्याने न सुचवलेलं कुरिअर स्वतः नेमलं असेल तर मात्र जोखीम त्याची.) हा नियम अटी-शर्तींत मुरडून ग्राहकावर ढकलता येत नाही. म्हणून इथे ‘कुरिअर कंपनीशी बोला’ असं उत्तर आलं तर ते कायद्याने चुकीचं असतं. करार विक्रेत्याशी झालेला असतो, तक्रार त्याच्याकडेच करायची.

पण याचा अर्थ पुरावा लागत नाही असा नाही, आणि इथे नवीन आलेले विद्यार्थी नेमके इथेच फसतात. वस्तू मिळाल्यापासून 30 दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात, पण तेव्हा वस्तू ताब्यात आली तेव्हाच सदोष होती हे दाखवायची जबाबदारी ग्राहकाची असते. दुरुस्ती किंवा बदली मागितली तर उलट असतं: पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं. म्हणजे पैसे परत हवे असतील तर ब्रिटनमध्येही फोटो काढायलाच हवेत. खोक्याच्या सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, आतलं पॅकिंग जागेवर असताना, मग मोडलेला भाग जवळून, आणि अनुक्रमांक. खोकं लगेच टाकून देऊ नये; दबलेला कोपरा आणि त्याच रेषेत आतली तडा गेलेली काच हा व्हिडिओइतकाच बोलका पुरावा असतो.

दुसरी चूक फॉर्म भरताना होते. ऑनलाइन खरेदी कारण न देता 14 दिवसांत रद्द करता येते, म्हणून लोक घाईत ‘नको आहे’ हा पर्याय निवडतात. तसं केलं की परत पाठवण्याचा खर्च बहुतेकदा ग्राहकावर पडतो, आणि वस्तू जास्त हाताळली म्हणून पैसे कापलेही जाऊ शकतात. ‘मोडलेली आली’ म्हणून नाकारली तर परतीचा खर्च विक्रेत्याचा, आणि परतावा मान्य केल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. म्हणून ईमेलमध्ये ‘मी ही वस्तू नाकारत आहे’ हे शब्द असलेच पाहिजेत. नुसतं ‘काहीतरी करा’ लिहिलं की दुकान दुरुस्तीचा प्रस्ताव पुढे करतं. तो मान्य केला तर 30 दिवसांचं घड्याळ थांबतं, बुडत नाही. आणि एक दुरुस्ती फसली की वस्तू नाकारण्याचा हक्क परत मिळतो.

माझ्या मते खरा जोर मात्र आणखी एका जुन्या कायद्यात आहे. 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम 75 म्हणतं की 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल, तर करारभंगाबद्दल कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार. किमतीचा थोडा भाग कार्डाने भरला असला तरी चालतं. दुकान बंद पडलं, फोन उचलत नाही, तरी बँक पळून जात नाही. बँकेने आठ आठवड्यांत निकाल लावला नाही तर आर्थिक लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. मात्र पैसे मधल्या वॉलेटमधून गेले तर ग्राहक-बँक-विक्रेता ही साखळी तुटू शकते, आणि डेबिट कार्डाला हे कलम लागूच होत नाही. तिथे फक्त कार्ड कंपनीच्या नियमांतला चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत फिरवून घेण्याची सोय, उरतो. भारतात वाद उपस्थित करण्याची सोय कार्डांना आहे, पण बँकेला असं विक्रेत्यासोबत जबाबदार धरणारं कलम नाही. ‘परदेशात दुकानदार सौजन्याने वागतात’ असं जे वाटतं, त्या सौजन्यामागे बरंचसं हे कलम उभं असतं.

आता उलट बाजू. कागदावर भारतीय ग्राहक दुबळा अजिबात नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. यासाठीची मुदत बिलावर छापलेली नसेल तर ती 30 दिवस. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लावता येत नाही. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. म्हणून आधी तक्रार क्रमांक घ्यावा, मग 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करावी, तरीही दाद लागली नाही तर लेखी नोटीस देऊन सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जावं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. इंग्लंडमध्ये छोट्या दाव्यालाही रकमेनुसार शुल्क भरावं लागतं. या एका बाबतीत आपली व्यवस्था मला अधिक उदार वाटते.

परदेशातून आईवडिलांसाठी फ्रिज किंवा टीव्ही मागवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बिल मुलाच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणारे आईवडील कायद्याने ग्राहकच आहेत, आणि तक्रार ते राहतात त्याच जिल्ह्यात दाखल होते. बिलाची प्रत आणि ऑर्डरचा ईमेल त्यांना पाठवून ठेवावा, एवढंच. बऱ्याच तक्रारी ‘पोरगं आलं की बघू’ म्हणत मुदतीबाहेर जातात.

तेव्हा भारतातला वाद व्हिडिओ असावा की नसावा इथे अडकू नये असं मला कळकळीने वाटतं. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो आणि तारखा पडत राहतात, अशा वेळी कोण काय सिद्ध करणार यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून मागणी एकच हवी: ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, हे कायद्यात सरळ लिहा आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्यावर ठेवा. छोटा विक्रेता यात भरडला जाईल ही भीती खोटी नाही. पण त्याच्यापाशी ग्राहकाकडे नसलेली साधनं आहेत. पॅकिंग करताना अनुक्रमांकासह फोटो काढता येतो, टेपवर सही करता येते. कुरिअर पार्सल जाताना आणि परत येताना वजन करत असेल, तर ते दोन आकडे बदललेली वस्तू बऱ्याचदा उघडी पाडतात; करार करताना ते मागून घ्यावेत. आणि वाटेत फुटलेल्या मालाची भरपाई कुरिअरकडून वसूल करण्याचा करारही त्याच्याच हातात असतो, ग्राहकाच्या नाही.