गच्चीवरची छत्री काढायची घाई का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आता एका फायबरच्या वायरीत नेट, टीव्ही, फोन सगळं येतं, छत्री (टीव्हीची डिश) म्हणजे गच्चीवरचं भंगार, आणि मी डिशची बाजू घेऊन वयस्कर लोकांना उगाच दोन-दोन बिलं भरायला लावतोय. इंदूरच्या सुदामा नगरला आई-बाबांकडची छत्री या महिन्यात काढणार असंही लिहिलंय तुम्ही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं बरोबर आहे ते आधी. डीटीएचचे (म्हणजे छत्रीवर थेट उपग्रहावरून टीव्ही घेणारे) ग्राहक कमी होतायत, दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांत सात कोटींच्या आसपास गेलेले ते मार्च २०२५ ला पावणेसहा कोटींच्या घरात आलेत. आणि पाहिजे ती सिरीयल पाहिजे तेव्हा लावणं छत्रीला जमत नाही, कारण ती फक्त घेते, परत काही पाठवत नाही. तरुण घरात फायबर आहे तर डिश कशाला, हे मलाही मान्य आहे.

पण आमच्या रामबागेतल्या घरी छत्री का लागली ते सांगतो. इंदूरला केबलवर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तो २०१३ च्या मार्चअखेरीला. त्याआधी आमच्याकडे मराठी चॅनल म्हणजे एकदम शेवटच्या नंबरावर आणि त्यातही नुसत्या मुंग्या. बाबांनी केबलवाल्याला किती वेळा सांगितलं, तो म्हणायचा ‘अंकल, मराठी यहाँ देखता कौन है’. होळकरांच्या गावात हे ऐकून घ्यायचं! त्यांनी सरळ छत्री बसवली. उपग्रहाला इंदूर काय आणि सांगली काय, सारखंच, तो ३६ हजार किलोमीटरवरून सगळ्या देशावर एकच सिग्नल सोडतो, बघणारा एक असो की एक कोटी, त्याचा खर्च तोच. फायबरवर प्रत्येक मोबाइलला, प्रत्येक टीव्हीला ॲपचा वेगळा प्रवाह जातो, म्हणून गर्दी झाली की तिकडे ताण येतो.

मॅचच्या दिवशी हे आमच्याकडे कानांनी कळतं. वरच्या मजल्यावरची मुलं ॲपवर बघतात, खाली आई-बाबा डिशवर. विकेट पडली की खालून आधी ओरडा आणि वरून तोच ओरडा चांगला वीस-पंचवीस सेकंदांनी, कारण ॲप व्हिडिओचे तुकडे करून थोडे साठवून मग दाखवतं. मुलं आता मॅचला खालीच येऊन बसतात.

पावसात छत्री बंद पडते असं तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. घरची छत्री केयू बँड नावाच्या लहरींवर चालते, बारा गिगाहर्ट्झच्या आसपास, त्या जोराच्या पावसात अडतात आणि स्क्रीनवर ‘सिग्नल नाही’ येतं. पण सर कमी झाली की दहा-पंधरा मिनिटांत चित्र परत. मागच्या वर्षी गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम झालं तेव्हा आमची फायबर तुटली आणि चार दिवस जोडायला कुणी आलं नाही, रोज ‘आज शाम तक हो जायेगा’. त्या चार दिवसांत घरात चालू होतं ते फक्त खालचं टीव्ही. आणि केबलवाल्याकडे तरी चॅनल येतात कुठून? त्याच्या हेडएंडला, म्हणजे जिथून तो चॅनल गल्लोगल्ली सोडतो तिथे, मोठ्या छत्र्याच आहेत, फक्त सी बँडच्या, त्या लहरी पावसात कमी अडतात, म्हणून पावसात त्या टिकतात.

पैशाचं म्हणाल तर २०१९ च्या फेब्रुवारीपासून चॅनल निवडून घेता येतात. आईने नको ते सगळे काढले आणि तिचा रिचार्ज तीनशेच्या आत आला. तेही नको असेल तर डीडी फ्री डिश आहेच, २००४ पासून चालू आहे, महिन्याचा एक पैसा नाही आणि सह्याद्री त्यावर दिसतं.

आता तुमच्या घरचं. माझ्या फायबरबरोबर जो टीव्हीचा पॅक आला त्यात हिंदीचा ढीग होता, पण आई रोज बघते त्यातली दोन मराठी चॅनल नव्हतीच, वेगळे पैसे भरून घ्यावी लागली. म्हणून आधी आई-बाबांना विचारा की दिवसभरात नक्की काय लावता, त्या चार-पाच चॅनलची नावं कागदावर लिहा, आणि ती तुमच्या पॅकमध्ये आहेत का ते स्वतः लावून बघा. मग महिनाभर दोन्ही चालू ठेवा, रिमोट त्यांच्याच हातात द्या, आणि तुम्ही घरी नसताना त्यांना ॲप उघडून चॅनलपर्यंत जाता येतं का तेवढं बघा (आमच्या आईला लॉगिन परत मागितलं की ती टीव्हीच बंद करून टाकते). सगळं जमलं तर खुशाल काढा. फक्त एलएनबीची (छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीची) वायर कापू नका आणि छत्रीचा नट ढिला करू नका, अँगल परत सेट करायला डिशवाला वेगळे पैसे घेतो.