प्रेझेंटली येतो, साहेब

आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या काकूंच्या छतातून उतरायला लागलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी वॉचमनच्या हाती मला नोटीस धाडली. नोटीस अर्थातच इंग्रजीत. मराठीत भांडता येतं, नोटीस देता येत नाही, अशी आमच्या घाटकोपरच्या सोसायटीची श्रद्धा आहे. मजकूर एवढाच, की गळती 'प्रेझेंटली' दुरुस्त करावी.

सेक्रेटरींच्या लेखी याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता'. स्थळांच्या बायोडेटात 'प्रेझेंटली वर्किंग' लिहिणाऱ्या समाजाला तो पटेलही. मी मात्र डिक्शनरी काढली (बाथरूम फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं) आणि सुखावलो. विलायतेत या शब्दाचा रूढ अर्थ 'थोड्या वेळाने'! 'सध्या' हा अर्थ जपला स्कॉटलंडने, अमेरिकेने आणि आपण.

मूळ लॅटिन 'प्रेसेन्स', म्हणजे समोर हजर असलेला. त्यावरून आधी 'ताबडतोब'. साधारण १६११ सालच्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात जादूगार प्रॉस्परोने काम सांगितल्यावर त्याचा सेवक एरियल विचारतो, 'प्रेझेंटली?' उत्तर मिळतं, हो, पापणी लवायच्या आत. एरियल वाऱ्यावरचा जीव, त्याला जमत असेल. बाकीची माणसं 'ताबडतोब' म्हणायची आणि बसून राहायची, म्हणून शब्दच सैल पडला. इंग्रजी 'सून'चंही तेच झालं. जुन्या इंग्रजीतलं 'सोना' म्हणजे 'लगेच'. ते घसरत 'लवकरच'वर आलं. इंग्रजांना या घसरणीला शतकं लागली. आमच्या प्लंबरने एका सकाळीत उरकलं.

साडेआठला तो म्हणाला, "आलोच." दहाला, "निघालोच." साडेअकराला, "चहा घेतो आणि निघतोच." शब्दाच्या शेवटी लावायचा हा 'च' ज्याने शोधला, तो नक्की प्लंबर असणार.

मधल्या काळात काकू स्वतःच वर आल्या. हातात वाटी, वाटीत आमटी, आमटीत चुन्याचा पोपडा. पोपड्याची कड पिवळी पडलेली, मधोमध अजून ओल. मी त्यांना विलायती अर्थ समजावू लागलो, तर म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी राहू दे भाऊजी, ही वाटी धरा." वाटी धरली.

संध्याकाळी दुसरी नोटीस. आता शब्द होता 'इमीजिएटली'. पुन्हा डिक्शनरी. हाही लॅटिनच, अर्थ, 'मध्ये काहीही नसलेलं'. प्लंबरला फोन लावला. तो साकीनाक्याला. म्हटलं, "मेट्रोने ये ना, तिसरं तर स्टेशन!"

"सहा फुटी पाइप घेऊन मेट्रोत कोण सोडतंय, साहेब? रिक्षानेच येतो."

म्हणजे आमच्या दोघांच्या मध्ये, संध्याकाळी सात वाजता, अख्खा अंधेरी-घाटकोपर लिंक रोड होता.