सहावा हिस्सा, सुरकुत्या आणि हाताचं गणित : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विमानाच्या पंखाची ताकद हाताच्या गणिताने कशी काढावी, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही हरकती घेतल्या आहेत. त्यातला पहिला घाव बरोबर बसला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. स्पार म्हणजे पंखातली लांब तुळई, वेब म्हणजे तिचा उभा पातळ पत्रा, आणि बूम म्हणजे हिशेबासाठी एका बिंदूत गोळा केलेलं, वाकण्याचा भार घेणारं क्षेत्रफळ. वेबचं क्षेत्रफळ दोन टोकांच्या बूममध्ये वाटताना मी 'प्रत्येकी सहावा हिस्सा' असं सरसकट लिहून मोकळा झालो. तुम्ही म्हणता, हे फक्त एका टोकाला जितका ताण तितकाच दुसऱ्या टोकाला दाब असताना खरं. कबूल. मूळ नियम असा (स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावरचा जोर; ताण धन, दाब ऋण): वेबची जाडी गुणिले उंची भागिले सहा, आणि त्याला 'दोन अधिक समोरच्या टोकाच्या स्ट्रेसचं या टोकाच्या स्ट्रेसशी गुणोत्तर' याने गुणायचं. गुणोत्तर उणे एक असलं तर सहावा हिस्सा. दोन्ही टोकांना सारखाच ताण असला तर निम्मा-निम्मा.

आता खालची फ्लँज, म्हणजे वेबच्या कडेची पट्टी, वरच्यापेक्षा जड घ्या. न्यूट्रल ॲक्सिस, म्हणजे वाकताना ना ताण ना दाब असलेली रेघ, खाली सरकतो. समजा खालचा स्ट्रेस वरच्याच्या निम्मा आणि उलट चिन्हाचा आला. मग वरच्या बूमला वेबचा चौथा हिस्सा मिळतो आणि खालच्याला शून्य. वेब खालपर्यंत पोचलेलं आहे, तरी तिथल्या बूमच्या खात्यात त्याचं काहीच जमा नाही! पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी आकडेमोड तीनदा तपासली होती. याचाच पुढचा अर्थ असा की बूमचं क्षेत्रफळ हा पंखाचा कायमचा गुण नाही, ते लोड केसगणिक, म्हणजे भार कसा येतो त्यानुसार, बदलतं. पंख वर वाकताना एका उंचीवरच्या दोन स्ट्रिंगरांमधली (पंखाच्या लांबीतल्या आधारपट्ट्यांमधली) स्किन (बाहेरचा पत्रा) निम्मी-निम्मी वाटली जाते. तोच पंख मागे ओढला गेला की वाटणी वेगळी. हे मी गाळलं तो निव्वळ आळस होता. मजकूर दुरुस्त करतो आहे.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. 'वेबवर सुरकुत्या पडल्या तरी स्पार मोडत नाही' या वाक्याला तुम्ही बेजबाबदार म्हटलंत. पातळ पत्र्याचा बकलिंग स्ट्रेस, म्हणजे ज्या स्ट्रेसला तो सुरकुततो तो, जाडी आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे चालतो. जाडी दुप्पट केली तर तो चौपट होतो खरा, पण वजनही दुप्पट होतं. सुरकुती अजिबात नको असा हट्ट धरून बांधलेलं विमान जड होईल. हर्बर्ट वाग्नर यांनी १९२९ मध्ये दाखवलं ते हेच: शिअरने (पत्र्याच्या समोरासमोरच्या कडा उलट दिशांना सरकवणाऱ्या जोराने) वेब बकल झालं की तिरक्या दिशेचा दाब ते आणखी घेत नाही, पण दुसऱ्या तिरक्या दिशेने ताण घेत राहतं. सुरकुत्यांच्या रेघा त्या ताणाच्या दिशेनेच पडतात. वेब मोडलेलं नसतं, त्याने काम करायची पद्धत बदललेली असते.

हे फुकट मिळत नाही, आणि इथे तुमची काळजी रास्त आहे. तो तिरका ताण दोन्ही फ्लँजांना एकमेकींकडे ओढतो, मधल्या उभ्या स्टिफनरना (वेब ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांना) दाबात घालतो आणि कडेच्या रिव्हेटांवर जादा भार टाकतो. सुरकुत्या चालतील असं म्हणणाऱ्याने या तिघांचा हिशेब दिलाच पाहिजे. मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत लिमिट लोडला (वापरात अपेक्षित सर्वांत मोठ्या भाराला) घातक असं कायमचं वाकणं चालत नाही, आणि त्याच्या १.५ पट लोड निदान ३ सेकंद न मोडता पेलावा लागतो. भार काढल्यावर सपाट होणारी सुरकुती या चौकटीत बसते. पत्र्यात कायमची राहणारी घडी बसत नाही.

आता तिसरं. 'बूम आणि शिअर फ्लो ही स्लाइड रूलच्या जमान्यातली युक्ती, आता मेश टाका आणि उत्तर घ्या.' असं तुमचं म्हणणं. (शिअर फ्लो म्हणजे पत्र्याच्या दर मिलिमीटर रुंदीमागचा शिअर; मेश म्हणजे संगणकातल्या मॉडेलचे बारीक तुकडे.) शिवाय नळीचा माझा आकडा टाळ्या घेण्यासाठी होता, असंही तुम्ही लिहिलंत. ५० मिमी त्रिज्येची, १ मिमी जाडीची नळी लांबीभर चिरली की पिळाला तिचा ताठपणा ७५०० पट घटतो आणि तेवढ्याच पिळणाऱ्या जोराला शिअर स्ट्रेस १५० पट होतो. आकडा खराच आहे. पण तो टोकं मोकळी असलेल्या लांब नळीचा, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पंखाच्या पेटीत (दोन स्पार आणि वर-खालची स्किन मिळून होते ती) एकाच बेचं, म्हणजे एकाच खणाचं, पॅनेल काढलं तर शेजारच्या बंद बे त्याला मोकळं वेडंवाकडं होऊ देत नाहीत. पुढचा स्पार वर, मागचा खाली असे उलटसुलट वाकून पीळ पुढे नेतात. स्पारवरचा भार अर्थातच वाढतो.

मेश असूनही हाताचं गणित का लागतं, हे मला संगणकातल्या एका मॉडेलने शिकवलं. खालच्या स्किनमधलं तपासणीचं झाकण त्यात आजूबाजूच्या पत्र्याशी अखंड जोडलेलं होतं. मेश सुंदर, रंग सुंदर, सगळं हिरवं, म्हणजे सुरक्षित. मी सहज कागदावर पिळणारा जोर भागिले पेटीच्या क्षेत्रफळाची दुप्पट, असा भागाकार केला. शिअर फ्लो आला मिलिमीटरला ४० न्यूटन. झाकणाच्या स्क्रूंमधलं अंतर ६० मिमी, म्हणजे स्क्रूमागे २४०० न्यूटन. आणि ते स्क्रू होते झटकन उघडणारे, सैल भोकांतले. ते असा शिअर घेणारच नव्हते! मॉडेलमध्ये पेटी बंद होती, ड्रॉइंगमध्ये उघडी. सोडवणाऱ्या प्रोग्रामने एकही चूक केली नव्हती, त्याला दिलेलं विमानच वेगळं होतं. त्यानंतर स्पारचं वाकणं पुन्हा मोजण्यासाठी आम्ही त्याच प्रोग्रामकडे गेलो, हेही सांगायला हवं. हाताने ते नीट जमलं नसतं.

शेवटी तुम्ही सी-सेक्शनचं ('सी' आकाराच्या छेदाचं) शिअर सेंटर, म्हणजे जिथून भार लावला तर पीळ येत नाही तो बिंदू, विचारलंत: फ्लँज ४० मिमी, वेब १२० मिमी, जाडी सगळीकडे सारखी. तीन गुणिले फ्लँजचा वर्ग, भागिले 'वेब अधिक सहा फ्लँज', म्हणजे ४८०० भागिले ३६०, सुमारे १३.३ मिमी. तुमचा आकडाही हाच आहे, पण तुम्ही तो बिंदू फ्लँजांच्या बाजूला काढलाय. तो वेबच्या पाठीमागे, सेक्शनच्या बाहेर येतो. आकृतीतली खूण तेवढी पलीकडे न्या.