तो बघ तोरणा

पावसाळ्यातला रविवार आणि सिंहगड हे दोन शब्द एका वाक्यात आले की शहाणा पुणेकर कूस बदलून झोपतो. आमचे बाबा मोजे शोधायला लागतात.

"साताच्या आत नाक्यावर पोचलं की गर्दी लागत नाही," हा त्यांचा सिद्धांत. अडचण एवढीच, की तो अख्ख्या पुण्याला पाठ आहे. सात वाजता आम्ही गोळेवाडीच्या नाक्याआधीच अडकलो होतो आणि पुढे कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी असं सगळं शहर इंजिन बंद करून उभं होतं.

त्याआधी खडकवासला झालं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला धरणावरून मुकाट नेता येत नाही. बाबांनी काच खाली केली, पाऊस आत घेतला आणि १२ जुलै १९६१ पासून सुरुवात केली. पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे. पुराची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय आणि दर खेपेला पाणी थोडं चढतं. या वेळी ते आमच्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलं. वाडा दुमजली होता.

वर पोचलो तर गड नव्हता. म्हणजे असणार, तिकीट घेतलं होतं; पण धुकं असं की गाडीचं दार उघडल्यावर दारच दिसेना. भज्यांचा वास येत होता, भजी दिसत नव्हती. "या दादा, या ताई, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही" अशा हाका हवेतून यायच्या आणि त्यामागून ओल्या लाकडाचा धूर.

पुणे दरवाज्याच्या पायऱ्यांवर मला पुढची पायरी दिसत नव्हती. बाबांना १६७० दिसत होतं. "४ फेब्रुवारीची रात्र. कडा इकडे. मावळे दोर लावून चढले. घोरपडीचं फार मनावर घेऊ नकोस, पण शेलारमामांचं वय लक्षात ठेव, ऐंशी!" हे शेवटचं, मी गुडघे धरून उभी असताना, माझ्याकडे बघून.

देवटाक्यापाशी मी त्यांच्या कोपराला धरलं आणि म्हटलं, "बाबा, पाय जपून टाका, शेवाळं आहे." ते म्हणाले, "अगं, इथूनच तर सगळं दिसतं. तो बघ तोरणा." बोट पुढे, पुढे पांढरंफेक. मी "हो हो" म्हटलं, नेहमीसारखं. मग मागून खरे बाबा ओरडले, "तोरणा तिकडे कुठे! तिकडे राजगड!"

मी धरलेलं कोपर दुसऱ्याच कुणाच्या बाबांचं होतं. रेनकोट तोच निळा, टोपी तीच माकडटोपी, आवेशही तोच. माझ्या बाबांच्या कोपराला एक घामाघूम मुलगा लटकला होता, तो त्यांचा. आम्ही आपापले बाबा बदलून घेतले. माफी वगैरे मागायला सवड नव्हती, कारण दोघं वडील भिडले होते.

त्यांचं म्हणणं, राजगड डावीकडे, त्याच्या उजव्या अंगाला तोरणा. बाबांचं म्हणणं, "मी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे वाचले." ते म्हणाले, "मी भूगोल शिकवला." यावर बाबा क्षणभर गप्प झाले, मग पानशेतवर आले. आश्चर्य म्हणजे समोरच्यांकडेही पानशेत होतं, आणि त्यांच्या वाड्यात पाणी चौथ्या मजल्यावर गेलं होतं.

आम्ही दोघं मुलं शेजारच्या झापाखाली भजी खात बसलो. चुलीपाशी बसलेल्या मावशी घाण्यातून भजी काढता काढता म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना. धुकं असलं की म्हाताऱ्यांना लई दिसतं."

एवढ्यात वारा सुटला आणि समोरचं धुकं फाटलं. दोन्ही बोटं ज्या दिशेला रोखलेली होती, तिथे ना तोरणा, ना राजगड; दूरदर्शनचा मनोरा होता, जवळच, धडधडीत, लोखंडी. दोघांचीही पाठ तोरण्याकडे होती. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. "बरोबर," भूगोल म्हणाले, "याच्या बरोब्बर मागे." "तेच म्हणत होतो मी मघापासून," बाबा म्हणाले. धुकं पुन्हा मिटलं. दोघांनी एका ताटात पिठलं-भाकरी मागवली, ठेचा जास्त.

उतरताना घाटात आमची गाडी तासभर एका वळणावर उभी होती. बाबा खुशीत होते. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली होती, बेतही ठरला होता: पुढच्या रविवारी दोघांनी सहकुटुंब तोरण्यावर जायचं आणि तिथून आम्हाला सिंहगड दाखवायचा.

तोरण्याला गाडी वर जात नाही. वेल्ह्यातून चालत चढायचं.