‘विमा आहे ना, मग इंजेक्शन फुकट!’ जरा थांबा

संधिवाताच्या रुग्णांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘आरोग्य विमा असेल तर बायोलॉजिक इंजेक्शनांच्या किमतीकडे बघूच नका, सगळं कंपनी भरते. आधी मेथोट्रेक्सेट घ्यायला लावली तर लुबाडणूक समजा. बायोसिमिलर माथी मारलं तर सरळ नकार द्या.’ (बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेलं महागडं औषध, मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं जुनं, स्वस्त औषध, तर बायोसिमिलर म्हणजे मूळ बायोलॉजिकशी अगदी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध.) या मेसेजवर विसंबून राहिलात तर बिल बघून तोंडचं पाणी पळेल.

‘सगळं कंपनी भरते.’ खरी मेख इथेच आहे. विमा असणं पुरेसं नाही, औषध कोणत्या खर्चात मोडतं ते बघावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक सहसा शिरेतून थेंबथेंब देतात, त्यासाठी रुग्णालयात जावं लागतं. अ‍ॅडॅलिमुमॅब हे दुसरं बायोलॉजिक बहुतेक रुग्ण दर दोन आठवड्यांनी घरीच मांडीवर टोचून घेतात. दोन्ही औषधं टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या एकाच प्रथिनाला अडवतात, पण पॉलिसी फक्त रुग्णालयातल्या उपचारांची असेल तर घरच्या इंजेक्शनाचे पैसे खिशातूनच जातात. विमा कंपनीची मंजुरी मिळाली तरी को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा हिस्सा, टक्केवारीत असेल तर औषध जितकं महाग तितका तुमचा वाटा मोठा, आणि हे औषध वर्षानुवर्षं चालतं. शिवाय मंजुरीला बहुधा मुदत असते. ती सरली की तीच कागदपत्रं पुन्हा! म्हणून नुसतं ‘कव्हर आहे का’ विचारू नका. कोणत्या कलमाखाली, किती टक्के आणि वर्षाला किती रकमेपर्यंत, हे लेखी मागा.

‘मेथोट्रेक्सेट म्हणजे लुबाडणूक.’ छे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात (शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो प्रकार) सुरुवात सहसा याच औषधाने करा, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मेसेजवाल्याचा राग एका बाबतीत मात्र रास्त आहे. हे औषध लागू पडत नाही हे कळून चुकलेल्या रुग्णाला केवळ विमा कंपनी बदलली म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर, म्हणजे मेथोट्रेक्सेटवर, आणणं चूकच. तेवढ्या महिन्यांत झिजलेला सांधा भरून येत नाही. अशा वेळी जुने डोस, तारखा आणि रक्ततपासण्या जोडून अपील करावं.

‘बायोसिमिलर नाकारा.’ बायोलॉजिक औषधं जिवंत पेशींत तयार होतात, म्हणून त्यांची तंतोतंत नक्कल होत नाही. पण म्हणून बायोसिमिलर बनावट ठरत नाहीत. नॉर्वेतली नॉर-स्विच चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना बायोसिमिलर दिलं. 52 आठवड्यांत आजार बळावला तो मूळ औषधावरच्या 26 टक्के आणि बायोसिमिलरवरच्या 30 टक्के रुग्णांत. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत होता, म्हणजे बायोसिमिलर मूळ औषधापेक्षा फारसं कमी पडलं नाही. (त्यात आतड्यांच्या आजाराचे रुग्णही होते, हे सांगायला हवं.) बदलानंतर त्रास वाढला तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण न वापरताच नकार दिलात तर किमतीतला फरक कदाचित तुम्हालाच भरावा लागेल.