शंभर सलग मारून काय होतं?

बास्केटबॉलच्या सरावावरच्या लेखात रोज सलग शंभर फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) मारायला सांगितलंय, ते मला पटलं नाही. दहाव्या शॉटनंतर हात आपोआप चालतो, पण सामन्यात मिळतात दोनच, तेही धाप लागलेली असताना. म्हणून कोर्टच्या दोन फेऱ्या पळायचं, दोन शॉट मारायचे, परत पळायचं. मी हेच करतो. सुरुवातीला बास्केटमध्ये गेलेल्या शॉटचा आकडा लाजिरवाणा येतो, येऊ द्या! चेंडू आखूड पडत असेल तर दोष बहुतेक वेळा हातांचा नसतो, गुडघे वाकलेले नसतात. बाकी खालून दोन्ही हातांनी फेकण्याला हसू नका. अमेरिकन बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये ज्या एका सामन्यात १०० गुण केले, त्या सामन्यात तसंच फेकून ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले होते.