पालिकेच्या ठरावाने जमीन जात नाही

नदीकाठाने सार्वजनिक पायवाट करण्यासाठी नगरपालिका खासगी जमिनी घेणार, असे सांगणारा एक लांबलचक संदेश गोव्यात आमच्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. पालिकेने ठराव केला की जमीन पालिकेची होते, हरकत घेणाऱ्याचा मोबदला बुडतो, पैसे मिळतात ते फक्त ‘सरकारी दराने’, कुळांना काहीच मिळत नाही, आणि घरातल्या थोरल्याने संमतिपत्रावर सही केली की सर्वांचे काम भागते, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. तो वाचून माझी आत्या सही करायला निघाली होती, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

ठरावाची गोष्ट प्रथम. पालिकेचा ठराव ही केवळ इच्छा आहे. मालकाने जमीन राजीखुशीने विकली नाही, तर ती २०१३च्या भूसंपादन कायद्यानेच घ्यावी लागते आणि ती प्रक्रिया जिल्हाधिकारी चालवतात. कोलकाता महानगरपालिकेने उद्यानासाठी एक खासगी जागा घेतल्याचा दावा केला होता आणि दप्तरात मालकाऐवजी स्वतःचे नाव लावले होते. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने तो दावा फेटाळला आणि राज्यघटनेच्या मालमत्ता-हक्काविषयीच्या अनुच्छेद ३००अ खाली मालकाचे सात हक्क मोजून सांगितले: नोटीस, सुनावणी, कारणे देणारा निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत होणारी प्रक्रिया आणि तिची रीतसर पूर्तता. उद्यानाला जो नियम लागू झाला, तो पायवाटेला लागू होणार नाही असे मानायला कोणताही आधार नाही.

या संदेशातले सर्वांत घातक वाक्य मोबदला बुडण्याचे आहे, कारण त्या भीतीपोटीच माणसे सही करतात. भूसंपादन कायद्याच्या कलम १५ प्रमाणे प्राथमिक अधिसूचनेपासून, म्हणजे जमीन घेण्याच्या पहिल्या जाहीर सूचनेपासून, साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते, आणि हरकतदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. हरकत घेतली म्हणून मोबदला नाकारण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही. प्रत्यक्षात उलट घडते: निवाड्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेल्या मोबदल्याची, रक्कम निषेध न नोंदवता स्वीकारणाऱ्याला पुढे ती वाढवून मागता येत नाही, असे कलम ७७ सांगते. म्हणजे गप्प राहण्यातच नुकसान आहे. आत्याकडे आलेल्या संमतिपत्रावर सर्व्हे क्रमांक व्यवस्थित भरलेला होता, पण क्षेत्रफळ आणि दर यांच्या जागा कोऱ्या होत्या. अशा कागदावर सही करणे म्हणजे किती जमीन आणि केवढ्याला, हे दोन्ही दुसऱ्याच्या हाती देणे होय, आणि तसा कागद पुढे करणाऱ्याचा हेतू मला शुद्ध वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पाला मालकाची संमती ही कायदेशीर अट नाही. ती खासगी कंपन्यांच्या आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पांना आहे. पर्यटन प्रकल्पही सार्वजनिक प्रयोजनात मोडतो. त्यामुळे ‘मी देणारच नाही’ एवढ्याने जमीन वाचेलच असे नाही. परंतु संपादन होऊ शकते याचा अर्थ ते उद्या सकाळी होते असा नाही. तातडीचे कलम संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा आणि आपत्ती अशा प्रसंगांसाठी आहे, फिरण्याच्या वाटेसाठी नव्हे; आणि पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही.

दराविषयीचा दावा अर्धवट आहे. मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर आणि गेल्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या खरेदीखतांवरून निघणारा दर यांतला चढा दर धरला जातो, त्यात माड, आंबे, विहीर, कुंपण यांची किंमत मिळवतात आणि त्या एकूण रकमेइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून द्यावी लागते. कुळांना काहीच मिळत नाही, हेही खरे नाही. कायदा त्यांना हितसंबंधित व्यक्ती मानतो.

थोरल्याच्या सहीचा दावा तर गोव्यात मुळीच टिकत नाही. इथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून थोरल्याला पत्नीच्या संमतीवाचून स्वतःचा हिस्सासुद्धा विकता येत नाही, मग भावा-बहिणींचा कुठला? खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल संदेशात एक शब्दही नाही. कितीतरी एक-चौदाच्या उताऱ्यांवर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या कागदांवर, अजून दिवंगत आजोबांचे नाव आहे, त्यामुळे नोटीस त्यांच्या नावाने निघते आणि मुंबईत किंवा परदेशात असलेल्या वारसांना तिचा पत्ताही लागत नाही. अधिसूचना राजपत्रात आणि दोन वृत्तपत्रांत छापली की साठ दिवसांची मुदत चालू होते. नावे बदलण्याचा अर्ज मामलेदार कचेरीत आजच द्यावा, पण हरकत त्यासाठी अडवून ठेवू नये. सर्व वारसांच्या नावांनिशी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन तिची शिक्क्यासह पोच घ्यावी.